वहीतली खाती, नकाशातली छपरं

शहराच्या कारभारात जीआयएस, म्हणजे नकाशा आणि त्याला जोडलेल्या नोंदी एकत्र ठेवणारी संगणकप्रणाली, कशी वापरावी, याबद्दल प्रश्न मागवले होते. वाटलं होतं विद्यार्थी लिहितील. पत्रं आली ती बहुतेक कचेरीत बसणाऱ्यांची, आणि त्यातली निम्मी वैतागलेली. मी स्वतः एका पालिकेच्या नकाशा कक्षात नोकरीची बरीच वर्षं काढली, त्यामुळे हा वैताग ओळखीचा आहे. प्रश्न थोडक्यात घेतले आहेत, उत्तरं मात्र जिथे लांबली तिथे लांबू दिली आहेत.

प्रश्न : नगरपालिकेने सगळ्या शहराची ड्रोनने पाहणी करून घेतली. नकाशावर मोजलेली छपरं आणि करखात्याच्या नोंदवहीतली खाती यांचा मेळ बसत नाही. साहेब विचारतात, खरं कोणतं? (करविभागातील लिपिक)

दोन्ही खरं. ड्रोन छपरं मोजतो, वही खाती मोजते, आणि या दोन गोष्टींची वजाबाकी करता येत नाही. एका छपराखाली वीस सदनिका आणि चार गाळे असू शकतात. उलट एकाच खात्यात घर, मागची शेड आणि कोपऱ्यातली पाण्याची खोली अशी तीन छपरं येतात. 'छपरं वजा खाती म्हणजे बुडालेला कर' असं मांडणारी सादरीकरणं मी भरपूर पाहिली आहेत. पडद्यावरचा आकडा मोठा असतो, टाळ्याही पडतात, आणि पुढचं वर्षभर लिपिक नोटिसा मागे घेत बसतात.

तुमच्याकडे एक तक्ता आहे, हवेत चार : भूखंड, इमारत, तिच्यातला प्रत्येक स्वतंत्र भाग (सदनिका, गाळा, कार्यालय), आणि कराचं खातं. एका भूखंडावर अनेक इमारती, एका इमारतीत अनेक भाग, एका भागावर एक किंवा अधिक खाती. प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक आणि वरच्याशी जोडणारा दुवा. हे झालं की वही आणि छप्पर एकमेकांशी बोलू लागतात, त्याआधी नाही.

क्रमांक कसा द्यायचा यावर बैठकांमध्ये फार हुशारी चालते. प्रभाग, गल्ली, वापराचा प्रकार, सगळं क्रमांकातच कोंबायचं, म्हणजे बघताक्षणी कळेल! मग प्रभागांच्या हद्दी बदलतात, घराचं दुकान होतं, आणि क्रमांक खोटं बोलू लागतो. माझ्या मते क्रमांकाला काहीही अर्थ नसावा. पुढचा आकडा घ्या आणि द्या. प्रभाग कोणता, हे नकाशा सांगेल. त्यासाठीच तर तो केला. इमारत पडली तर तिची नोंद पुसू नका, 'बंद' म्हणून तारीख टाका, आणि तो क्रमांक पुन्हा कोणाला देऊ नका. दोन भूखंड एक झाले तर नवा क्रमांक द्या आणि जुन्या दोघांचा दुवा ठेवा. पुढेमागे कोर्टात प्रकरण गेलं तर हाच दुवा कामी येतो.

आता छपरांविषयी. ड्रोनच्या साध्या चित्रात उंच इमारती बाहेरच्या बाजूला कललेल्या दिसतात. ड्रोन १२० मीटरवर आहे, त्याच्या थेट खालच्या बिंदूपासून ४८ मीटरवर २४ मीटर उंचीची इमारत आहे, असं धरा. तिचं छप्पर चित्रात खऱ्या जागेपासून १२ मीटर सरकलेलं दिसेल. बारा मीटर म्हणजे शेजाऱ्याचा भूखंड. फोटो भरपूर एकमेकांवर चढवून घेतले आणि इमारतींच्या उंचीचा विचार करून चित्र सरळ केलं, तर हा दोष जातो. नुसत्या जमिनीच्या उंचीवरून सरळ केलं तर राहतो. तुमच्या ठेकेदाराने कोणतं दिलं, ते विचारा. तपासायला सोपं आहे : उंच इमारतीच्या भिंती दिसत असतील तर तिचं छप्पर जागेवर नाही. शिवाय छप्पर म्हणजे भिंत नव्हे. छज्जा बाहेर आलेला असतो, म्हणून छपराच्या नकाशावर काढलेल्या आकृतीवरून करपात्र क्षेत्रफळ काढू नका. छप्पर फक्त एवढंच सांगतं की इथे जाऊन बघा.

जाऊन बघायचं तेही सगळीकडे नाही. जुळलेल्या नोंदी बाजूला काढा. उरलेल्यांतही आधी त्या घ्या, जिथे भूखंडावर इमारत दिसते पण एकही खातं नाही. मग खातं आहे पण इमारत नाही, अशा. संख्या कमी-जास्त असलेल्या सगळ्यात शेवटी.

साहेबांना मात्र एक प्रश्न तुम्हीच विचारा : उद्या एखादी नवी इमारत पुरी झाली तर ती नकाशावर कोण काढणार, आणि कधी? बांधकाम परवानगी देणाऱ्या विभागाने भोगवटा प्रमाणपत्र देतानाच इमारतीची आकृती आणि तिच्यातले भाग नोंदवले, तर करखात्याला शोधाशोध करावी लागत नाही. हे ठरलं नसेल तर काही वर्षांनी पुन्हा ड्रोन उडवावा लागेल, पुन्हा छपरं मोजली जातील आणि तुम्ही मला हेच पत्र पुन्हा लिहाल.

प्रश्न : आमच्या जलवाहिन्यांचे व्हॉल्व्ह नेमके कुठे आहेत, हे दोन जुन्या चावीवाल्यांनाच ठाऊक. दोघंही लवकरच निवृत्त होणार. ठेकेदार म्हणतो, जुने कागदी नकाशे स्कॅन करून संगणकावर काढून देतो. एवढ्याने भागेल? (पाणीपुरवठा विभागातील कनिष्ठ अभियंता)

नाही भागणार. आधी चावीवाले, मग स्कॅनर. कागद कपाटातून कुठे जात नाही, माणसं जातात.

त्या दोघांबरोबर एक मुलगा किंवा मुलगी द्या, जिला नकाशा कळतो आणि गप्प बसून ऐकता येतं. प्रत्येक व्हॉल्व्हपाशी उभं राहून नोंद घ्या : जागा, फोटो, व्यास, चावी कोणत्या दिशेने फिरवली की बंद होतो (सगळे एकाच दिशेने बंद होत नाहीत), किती फेरे लागतात, शेवटचा कधी फिरवला. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे, हा बंद केला की कोणत्या गल्लीचं पाणी जातं. हे शेवटचं कोणत्याही नकाशावर नसतं, त्यांच्या डोक्यात असतं. जागा टिपायला मोबाइलवर भिस्त ठेवू नका. उघड्या आकाशाखाली त्याची अचूकता साधारण पाच मीटर, दाट इमारतींमध्ये त्याहून वाईट. पाच मीटर इकडेतिकडे खणणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. सेंटीमीटरपर्यंत मोजणारं आरटीके यंत्र भाड्याने मिळालं तर उत्तम. नाहीतर टेप घ्या आणि दोन पक्क्या कोपऱ्यांपासून अंतर मोजा. तिसरं अंतर मोजलंत तर पडताळाही होतो.

मग कागदी नकाशे. त्यांवरून काढलेली प्रत्येक रेषा संगणकावर सारखीच ठाम दिसते, हीच अडचण. म्हणून रेषेच्या नोंदीत 'हे कशावरून' असा एक रकाना ठेवा. अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने भूमिगत वाहिन्यांसाठी ठरवलेल्या 'एएससीई ३८' या मानकात अशा चार पायऱ्या आहेत : डी म्हणजे नुसत्या कागदपत्रांवरून, सी म्हणजे जमिनीवर दिसणारी झाकणं-खुणा मोजून त्यांवरून, बी म्हणजे जमिनीवरून उपकरणाने शोधून, आणि ए म्हणजे खोदून, उघडी करून मोजलेली. हेच तुम्ही उचला. नकाशावर 'डी' रेषा तुटक आणि फिक्या रंगात दाखवा, म्हणजे खोदणारा त्या रेषेच्या भरवशावर जेसीबी घालणार नाही.

रेषा काढून झाल्या की त्या जोडल्यात का, ते पाहा. पडद्यावर दोन वाहिन्या टेकलेल्या दिसतात. मोठं करून पाहिलं तर मध्ये दोन सेंटीमीटरची फट. डोळ्याला ती दिसत नाही, संगणकाला तिथे पाणी अडलेलं दिसतं. उलट एक वाहिनी दुसरीच्या वरून जाते आणि दोघींचा काही संबंध नसतो, पण काढणाऱ्याने तिथे सांधा दिलेला असतो. रात्री वाहिनी फुटल्यावर 'कोणते व्हॉल्व्ह बंद करू' असं विचारलंत, तर असं जाळं आत्मविश्वासाने चुकीचे व्हॉल्व्ह सांगेल. म्हणून एका भागाचं जाळं पुरं झालं की चावीवाल्यांसमोर बसा, संगणकाला दहा प्रश्न घाला, आणि प्रत्येक उत्तराला त्यांचा चेहरा बघा.

पुढची गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. शहरात रोज कुठे ना कुठे खड्डा उघडा असतो. त्या खड्ड्यात आपली वाहिनी, दुसऱ्या कोणाच्या केबल, मलवाहिनी, सगळं फुकटात दिसत असतं. तासाभरात तो बुजवला जातो. बुजवण्याआधी फोटो, जागा, खोली, व्यास आणि धातू की प्लास्टिक, एवढं टिपलं तर 'डी'ची 'ए' होते आणि एक पैसा लागत नाही. दुरुस्ती करणाऱ्या टोळीकडून नकाशा काढून घेऊ नका, तो त्यांचा धंदा नाही. त्यांनी मोबाइलवर लाल खूण करून पाठवावं, कचेरीतल्याने ती आठवडाभरात पक्की करावी. आणि नव्या वाहिनीचं शेवटचं देयक, तिची प्रत्यक्ष टाकल्याप्रमाणेची मोजमापं नकाशात चढल्याशिवाय सुटू नये. अभियंत्याच्या दहा स्मरणपत्रांनी जे होत नाही, ते लेखाविभागाच्या एका शेऱ्याने होतं. जीआयएसवाल्यांनी लेखाधिकाऱ्याशी मैत्री करावी, असं मी उगाच म्हणत नाही.

प्रश्न : संगणकावरच्या नकाशात भूखंडांचा थर (एका प्रकारच्या माहितीचा पदर) रस्त्यांच्या थरावर बसत नाही. सगळं एका बाजूला सरकलेलं दिसतं. सहकारी म्हणतो, पकडून ओढून बसव. (नकाशा कक्षातील नवा तंत्रसहायक)

ओढू नका. आज एका चौकात बसेल, दुसऱ्या टोकाला सुटेल, आणि मूळ मोजणी कायमची हरवेल.

आधी सरकण्याची तऱ्हा बघा. सगळीकडे सारख्याच दिशेने, सारख्याच अंतराने सरकलं असेल तर दोन थरांचे डेटम, म्हणजे पृथ्वीवरची जागा मोजायचे पायाभूत संदर्भ, वेगळे आहेत; जुना स्थानिक डेटम आणि आजचा, जीपीएस वापरतं तो डब्ल्यूजीएस ८४ यांत शेकडो मीटरचा फरक असू शकतो. मधोमध बसतं आणि कडेला सुटतं, तर जुना कागद स्कॅन करून बसवताना गडबड आहे. थर आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात जाऊन पडला असेल, तर अक्षांश-रेखांशाचे रकाने रिकामे राहून शून्य-शून्य झालेत. त्या जागेला जगभरचे नकाशेवाले थट्टेने 'नल आयलंड' म्हणतात. तिथे बेट नाही, हवामानाच्या नोंदी घेणारा एक तरंगता बोया आहे, आणि नकाशांवर पालिकांचे असंख्य पथदिवे!

थराला कोणती निर्देशांक पद्धत (जागा आकड्यांत सांगायची रीत) आहे हे सांगणं वेगळं, आणि तिच्यातून दुसरीत रूपांतर करणं वेगळं. सॉफ्टवेअरमध्ये या दोन आज्ञा शेजारीशेजारी असतात आणि नवखी माणसं एकीच्या जागी दुसरी वापरतात. पहिली फक्त लेबल लावते, दुसरी आकडे बदलते. लेबल चुकीचं लावून मग रूपांतर केलं की गुंता दुप्पट.

आणखी एक, विचारलं नाहीत तरी. वेबवरच्या नकाशांसाठी वापरतात त्या वेब मर्केटर प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट मांडायच्या एका पद्धतीत) क्षेत्रफळ मोजू नका. विषुववृत्तापासून दूर जावं तसं ते फुगतं : २० अंश अक्षांशावर सुमारे १३ टक्के, ४५ अंशावर दुप्पट, ६० अंशावर चौपट. बघायला ठीक आहे. पण त्यावर मोजलेलं क्षेत्रफळ करआकारणीत गेलं, तर तेरा टक्के जादा कराबद्दल भांडायला येणारा माणूस बरोबर असेल.

प्रश्न : तक्रारींचा नकाशा केला. काही भाग लालभडक, काही कोरे. निधी लाल भागांना द्यावा का? (नगरसेविका)

लाल भागात तक्रार करणारे राहतात, एवढंच तो नकाशा खात्रीने सांगतो. बॉस्टन शहराने रस्त्यातले खड्डे मोबाइलच्या धक्क्यांवरून टिपणारं 'स्ट्रीट बंप' नावाचं ॲप काढलं होतं. कल्पना छान, पण स्मार्टफोन आणि मोटारी ज्यांच्याकडे जास्त त्यांच्याच रस्त्यांचे खड्डे जास्त दिसणार, ही त्यातली खोट लवकरच लक्षात आली.

नकाशावरच्या ठिपक्यांची गोष्ट निघाली की जॉन स्नो यांचं नाव येतंच. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला, त्यांनी मृत्यू नकाशावर मांडले, ब्रॉड स्ट्रीटचा पंप सापडला, अशी ती सांगितली जाते. खरं तर पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढला गेला तो त्यांच्या घरोघरच्या चौकशीवरून, आणि तोवर साथ उतरणीला लागली होती; नकाशा मागून आला. मला त्यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग वाटतो तो कोऱ्या जागांचा. जवळच्या अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसमध्ये ५३५ माणसं होती, मेली पाचच. शेजारच्या मद्याच्या कारखान्यात सत्तरवर कामगार होते, कॉलऱ्याने एकही गेला नाही. वर्कहाउसची स्वतःची विहीर होती आणि कारखान्याचे कामगार त्या पंपाचं पाणी पीत नसत. स्नो यांनी ठिपके नव्हते तिथे जाऊन विचारलं, का नाहीत?

तुम्हीही कोऱ्या भागांत जा. तिथे तक्रार नोंदवायची कशी हे लोकांना ठाऊक आहे का, आणि पूर्वी नोंदवलेल्यांचं काय झालं, ते पाहा. दोन-तीन वेळा काही न झालेला माणूस पुन्हा फोन करत नाही, आणि नकाशावर त्याची गल्ली सुखी दिसते. कचेरीत बसून करायचं काम म्हणजे तक्रारींचा आकडा घरांच्या किंवा वाहिनीच्या लांबीच्या प्रमाणात मांडणं. शिवाय एका फुटक्या वाहिनीच्या चाळीस तक्रारी येतात. त्या सगळ्या तक्रारी त्या एका वाहिनीला जोडल्या की चाळीस ठिपक्यांचा एक होतो. निधी वाटण्याआधी एवढं मागून घ्या.

प्रश्न : इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या उंचीच्या आकड्यांवरून पावसाचं पाणी कुठे तुंबेल ते काढलं. नकाशात रस्त्याच्या भरावापाशी तळं दिसतं, प्रत्यक्षात तिथे कधीच साचत नाही. (पर्जन्यजल विभागातील अभियंता)

भरावाखाली मोरी असणार. आकाशातून घेतलेल्या उंचीत मोरी दिसत नाही, म्हणून संगणकाला तो भराव म्हणजे धरण वाटतो. मोऱ्यांचा थर हाताने करा आणि त्या ओळीत भराव 'कापून' पाणी जाऊ द्या.

आकड्यांविषयीही सावध राहा. फुकट मिळणाऱ्यांपैकी बरेचसे फेब्रुवारी २०००च्या अंतराळयान मोहिमेतले, एसआरटीएमचे. साधारण तीस मीटरच्या चौकोनाला एक उंची, आणि त्या मोहिमेचं उंचीतल्या अचूकतेचं ठरवलेलं लक्ष्यच १६ मीटरचं. डोंगरातल्या पाणलोटासाठी ठीक आहे. शहरात त्या चौकोनात घर, झाड आणि रस्ता यांची सरमिसळ असते, आणि तुमच्या नाल्याचा उतार शंभर मीटरला काही सेंटीमीटर. तिथे उंची मोजणारं लेव्हल यंत्र घेऊन फिरा, किंवा लायडार (लेसरने उंची मोजणारी पाहणी) परवडलं तर ते.

प्रश्न : आमचं शहर लहान. सॉफ्टवेअर महागाचं घ्यावं की फुकटचं? सल्लागार एक मोठा डॅशबोर्ड (सगळे आकडे एका पडद्यावर दाखवणारा फलक) देतो म्हणतात. (मुख्याधिकारी)

२००२ मध्ये सुरू झालेलं फुकटचं क्यूजीआयएस आज इतकं पक्कं आहे की लहान शहराची बहुतेक कामं त्यात होतात. सगळ्यांनी मिळून वापरायच्या माहितीच्या साठ्यासाठी पोस्टजीआयएस, तेही फुकट. इझ्री कंपनीचं आर्कजीआयएस विकत घेतलंत तर मदतीला फोन उचलणारं कोणी मिळतं, आणि काही शहरांना तेच हवं असतं. दोन्ही चालतं. पण पाहणीचा सगळा पैसा ठेकेदाराला आणि ते चालवायला एकही कायमचा माणूस नाही, हे मात्र चालत नाही. आधी दोन माणसं नेमा. एक असेल तर ती रजेवर गेली की नकाशाही रजेवर.

निविदेत लिहा की डेटा पालिकेचा, कच्चे फोटोसुद्धा, आणि तो खुल्या स्वरूपात मिळाला पाहिजे. इथे एक बारीक गोष्ट. अजूनही ठेकेदार शेपफाइल नावाच्या प्रकारात नकाशाचा डेटा देतात, ती १९९०च्या दशकातली. तिच्यात रकान्याचं नाव दहा बाइटचं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत तीन बाइट खातं. म्हणजे 'मालक' एवढं नावसुद्धा मावत नाही! आतल्या मजकुराला २५४ बाइट, म्हणजे चौऱ्याऐंशी चिन्हं; लांब पत्ता मध्येच तुटतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. त्याऐवजी जिओपॅकेज हा नवा खुला प्रकार मागा. एकच फाइल असते आणि मराठी नीट राहते.

डॅशबोर्डबद्दल सल्लागारांना विचारा : यातला कोणता आकडा कोण, किती दिवसांनी भरणार? प्रत्येक आकड्यापुढे तुमच्या कचेरीतलं एक पद लिहून मागा. ज्यापुढे लिहिता येणार नाही तो आकडा काढून टाका. जेवढे उरतील तेवढ्यांचं देयक द्या.

प्रश्न : थकबाकीदारांची घरं लाल रंगात दाखवणारा नकाशा सगळ्यांसाठी खुला करावा, असा प्रस्ताव आहे. तुमचं मत? (पालिका सदस्य)

विरोध करा. पहिल्या पत्रात पाहिलंत ना, खातं आणि छप्पर यांचा मेळ किती कच्चा असतो ते. एका सदनिकेच्या थकबाकीने सगळी इमारत लाल होईल. मालक दुसरीकडे राहतो, त्याच्या भाडेकरूच्या दारावर डाग. आत वापरायला नकाशा जरूर ठेवा, आणि कोणी कधी उघडला याची नोंद ठेवा. बाहेर दाखवायचंच असेल तर विभागवार बेरीज दाखवा, आणि मोजकीच खाती असलेला विभाग शेजारच्यात मिळवून टाका.

खुलं करायला इतर पुष्कळ आहे : प्रभागांच्या हद्दी, विकास आराखडा, कोणता रस्ता कोण कधीपासून कधीपर्यंत खोदणार, झाडं, नाले. प्रत्येक थरावर तो शेवटचा कधी सुधारला ती तारीख छापा. पहिलाच थर कोणता, असं विचाराल तर मी पथदिवे म्हणेन. खांबावर क्रमांक रंगवा, तोच नकाशावर टाका, आणि लोकांना तो क्रमांक सांगून तक्रार करू द्या. रंगवणाऱ्यांबरोबर विद्युत विभागाचा माणूस मात्र द्या, कारण अर्धे खांब कोणत्या फीडरवर (वीज पुरवणाऱ्या मुख्य तारेवर) आहेत हे तिथेच, खांबाखाली उभं राहून ठरवावं लागतं.